चंद्रभानचा रविवार

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात साडेतीनशे माणसं कामाला होती आणि त्यांतला एकच फिटर गोल्फ खेळायचा. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. मग जेवणाच्या सुट्टीत त्याला चंद्रभान गजभिये दाखवावा लागे. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, खाकी पँटच्या एका खिशात पाना आणि दुसऱ्या खिशात पांढरा चेंडू.

शहराच्या पश्चिमेला टेकडीमागं नऊ होलचं एक मैदान होतं. तिथं आमच्या कंपनीच्या सभासदत्वाच्या चार जागा होत्या आणि चारही साहेब लोकांच्या. एका वर्षी कंपनीची सहल त्या मैदानावर गेली. आमचे वर्क्स मॅनेजर गोपाळराव खानझोडे यांनी गंमत म्हणून चंद्रभानच्या हातात काठी दिली. त्यानं चप्पल काढली, चेंडूकडं पाहिलं आणि तो बाभळीच्या ओळीवरून पलीकडं घालवला. खानझोडे साहेबांनी दुसरा चेंडू ठेवला. तोही गेला. त्या वर्षअखेरीस एक साहेब बदलून गेले आणि चौथी जागा चंद्रभानला मिळाली.

मला गोल्फ खेळता येत नाही. पण आमच्या चार जणांच्या संघाची व्यवस्था हिशेब खात्यातून माझ्याकडं आली होती. जीप सांगायची, चहाचा थर्मास भरून न्यायचा, आणि कोणी किती फटके घेतले ते कार्डावर लिहायचं. जितके फटके कमी तितका खेळ चांगला, एवढं कळलं की हे काम जमतं.

नागपूरच्या उन्हात त्या मैदानावर हिरवळ टिकत नसे. म्हणून प्रत्येक होलभोवती तेल पाजलेल्या रेतीचा मोठा गोल केलेला असे. त्याला ब्राऊन म्हणायचे. रेतीत पावलं उमटतात आणि चेंडू त्या खळग्यांत अडतो, म्हणून खेळून झालं की पोतं ओढून रेती सारखी करायची. चंद्रभानचे वडील लहानूजी यांनी कामठीच्या छावणीतल्या मैदानावर अर्धं आयुष्य हे पोतं ओढलं. गोऱ्यांच्या काळात ओढलं, नंतरही ओढलं. चेंडूला काठी मात्र त्यांनी कधी लावली नाही.

मुलगा खेळतो याचं त्यांना काय वाटतं, ते कोणालाच कळत नसे. चंद्रभान घरी आला की ते एवढंच विचारत, "मांगचा आला तवा रेती साफ होती नं?" म्हणजे मागून येणाऱ्यासाठी पोतं ओढलंस ना.

चंद्रभानचा सराव पाहून मला दमायला व्हायचं. इंदोऱ्याच्या वस्तीतून तो अंधारात सायकल काढायचा, उजाडता उजाडता मैदानावर पोचायचा आणि पाळी सुरू होईपर्यंत चेंडू मारायचा. पाळी सुटली की पुन्हा मैदान. तळहाताला घट्टे पडले होते. प्रत्येक फटक्याआधी तो काठी तीनदा नुसती हवेत फिरवून पाहायचा, मग चेंडूला मारायचा. चेंडू कुठं पडला ते पाहून पुन्हा एकदा हवेत फिरवायचा, हे कसं मारायला हवं होतं ते स्वतःलाच दाखवायला.

आमच्या जीपचा ड्रायव्हर रुपराव कुंपणाशी विडी ओढत बसलेला असे. तो विचारायचा, "काहून गा चंद्रभान, तू हवेले मारतं का चेंडूले?"

"सराव करून राहिलो ना गा."

"तं मंग हवेचे फटके बी लिहाव न बाबूजीनं. हजार होतीन."

एवढ्या सरावानंतर चंद्रभानचा आकडा चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशीच्या मध्ये कुठंतरी असे. नऊ होल दोनदा खेळले की अठरा होतात, त्यांचा हा आकडा. चौऱ्याऐंशीच्या खाली तो कधी आला नाही.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात कंपनीत नवे पर्सोनेल ऑफिसर आले. चार जागांपैकी एक फिटरकडं का, असा प्रश्न त्यांनी लेखी विचारला. मुंबईहून आलेला एक तरुण इंजिनिअर कॉलेजात गोल्फ खेळला होता, त्याला ती जागा द्यावी असं त्यांचं म्हणणं. खानझोडे साहेबांनी बरीच रदबदली केली. शेवटी ठरलं ते असं: दसऱ्यानंतरच्या रविवारी कंपन्यांच्या सामन्यांची ढाल असते, त्यात चंद्रभान ऐंशीच्या आत आला तर जागा त्याची. नाही आला तर इंजिनिअरची. आणि सभासद नसलेल्या माणसाला त्या फाटकातून आत जायचं तर दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊनच जावं लागे, नाहीतर पोतं घेऊन.

खानझोडे साहेबांनी हे त्याला केबिनमध्ये सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. चंद्रभान म्हणाला, "पोतं ओढाले जायाचं काम नाही, साहेब. ते बाबानं आमच्या सगळ्याईचं मिळून ओढून ठेवलं."

त्यानं सराव वाढवला. आकडा सत्त्याऐंशीवर गेला.

जुलैत लहानूजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. चंद्रभानची बायको प्रेमलता रामटेकच्या वाटेवरच्या एका गावात शाळेत शिकवायची आणि पहिल्या एस.टी.नं निघायची. म्हणजे सकाळी म्हाताऱ्याचं तोंड धुणं, अंघोळ, दाढी, पेज भरवणं हे चंद्रभानवर. संध्याकाळी प्रेमलता स्वयंपाकाला लागली की पाय चोळणं, कूस बदलणं. सराव संपला. त्यानं काठ्यांची पिशवी खाटेखाली सारली आणि साहेबांना सांगितलं, जागा आत्ताच देऊन टाका.

साहेबांनी ऐकलं नाही. प्रेमलतानंही नाही. मी लहानूजींना पाहायला गेलो होतो तेव्हा ती माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाली, "सहा दिवस बाबाचे. ऐतवार माह्या सुट्टीचा हाये, मी हावो घरी. एक दिवस जा न खेळाले. हे मुकाट बसलेलं तोंड पाहून मले कंटाळा येऊन राहिला."

पहिल्या रविवारी तो गेला तो उशिरा, म्हाताऱ्याचं आवरून. हात गरम करायलाही वेळ नव्हता. त्र्याऐंशी. मी आकडे पुन्हा तपासले.

पुढच्या रविवारी ब्याऐंशी. एका रविवारी पावसानं खेळ झाला नाही. त्यानंतर एक्क्याऐंशी, आणि पोळा झाल्यावरच्या रविवारी एकोणऐंशी. आठवड्यात काठीला हात लावलेला नाही आणि माणूस आयुष्यात आला नव्हता त्या आकड्यावर आला. मैदानावरचे जुने सभासद हे पाहायला आपला खेळ थांबवू लागले. मी रुपरावला म्हणालो, हे काय चाललंय?

"नजर नका लावू, बाबूजी," रुपराव म्हणाला. "विचारू बी नका. विचारलं का जाते."

खुद्द चंद्रभानला विचारलं तर तो नुसता हसला. म्हणाला, "मले काय मालूम. घाई रायते न घरी जायाची."

इथं आम्हा सगळ्यांचं मिळून एक चुकलं. आठवड्यातून एकदा खेळून एकोणऐंशी येतात, तर रोज खेळून पंच्याहत्तर यायला हरकत नाही. हिशेब सरळ होता, आणि तो खानझोडे साहेबांनी मांडला, मीही मान डोलावली. दसऱ्याच्या आधी चंद्रभानला पंधरा दिवसांची रजा मिळाली, भरपगारी. त्याच्या खात्यातल्या माणसांनी पाळ्या लावून लहानूजींजवळ बसायचं ठरवलं. रुपरावची बायको दुपारी पेज घेऊन जायची. इंदोऱ्यातली बायामाणसंही येऊन बसायची. सगळ्यांनी मनापासून केलं.

रजेतल्या पहिल्या रविवारी अठ्ठ्याऐंशी आले.

काठी पुन्हा तीनदा हवेत फिरत होती. ब्राऊनवर तो चेंडूभोवती प्रदक्षिणा घालत होता, वाकून पाहत होता, उठत होता, परत वाकत होता. परत येऊन इंदोरा चौकात जीपमधून उतरताना तो म्हणाला, "एवढी मानसं बाबापाशी बसून राहिली. माह्यासाठी. काठी उचलली का तेच दिसते."

त्यानंतर तो मैदानावर गेलाच नाही. दसरा जवळ आला होता, आणि दसऱ्याचं त्यांच्या घरचं काम वेगळं होतं. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षापासून दीक्षाभूमीवर त्यांच्या वस्तीचा पाण्याचा मांडव असे आणि तो लहानूजी चालवत. दूरदूरच्या गावांहून माणसं रेल्वेनं, ट्रकनं, पायी येतात. इंदोऱ्यातलं एकेक घर पाहुण्यांनी भरून जातं. चंद्रभानच्या दोन खोल्यांत भंडाऱ्याकडचे वीसेक जण उतरले होते. आता मांडव कोण पाहणार हा प्रश्नच नव्हता.

खानझोडे साहेब अस्वस्थ झाले. सामना परवावर आलेला आणि माणूस पाणी वाटतोय. त्यांनी मला पाठवलं. "निदान संध्याकाळी दोन तास येऊन जा म्हणावं. जीप घेऊन जा."

माझा जन्म शहरातल्या महाल भागातला. दीक्षाभूमी माझ्या घरापासून फार लांब नाही. पण दसऱ्याला मी तिथं कधी गेलो नव्हतो. रुपरावनं जीप अलीकडंच थांबवली, कारण पुढं रस्ताच नव्हता, माणसं होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळ्या पताका, आणि एवढ्या माणसांच्या मानानं आवाज फार कमी. कोणी ढकलत नव्हतं. मी त्या प्रवाहात शिरलो आणि तो नेईल तिकडं चालू लागलो. ऊन चांगलंच होतं. घसा कोरडा पडला तोच समोर मांडव आला आणि कोणीतरी माझ्या हातात पाण्यानं भरलेला पितळी पेला दिला.

देणाऱ्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं होतं, अगदी नीट. पेला माझ्या बोटांत पक्का बसेपर्यंत त्याचा हात खाली होता. मग तो हात गेला आणि डोळेही गेले, पुढच्या माणसाकडं. तो चंद्रभान होता हे मला निम्मं पाणी प्यायल्यावर कळलं.

मी बाजूला उभा राहून पाहत राहिलो. साहेबांचा निरोप सांगायचा विसरलो. त्याच्यासमोरून माणसं सरकत होती: म्हातारी, कडेवर पोर घेतलेली बाई, काठीवाला, शाळकरी मुली. तो प्रत्येकाकडं पाहायचा. प्रत्येकाला पेला वेगळ्या तऱ्हेनं दिला जायचा. म्हातारीला दोन्ही हातांत, बाईला पोराच्या हाताबाहेर, काठीवाल्याच्या मोकळ्या हातात. दिला की पुढचा. घाई नाही, ढिलाई नाही, एक थेंब सांडणं नाही. इतकी वर्षं मी त्याला मैदानावर पाहत आलो होतो, आणि त्याचे हात असे कधी पाहिले नव्हते.

मांडवाच्या कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर लहानूजी बसले होते. त्यांना हातगाडीवर बसवून आणलं होतं. डावा हात गुडघ्यावर, नजर पेल्यांवर. वस्तीतल्या एका उत्साही माणसानं पेले कमी पडले म्हणून लोट्यानं वरून एकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. लहानूजींनी डाव्या हातानं खुर्ची ठोकली.

"पेला," ते म्हणाले.

"पेले धुवाले गेले, बाबा. धा मिंट."

"मंग धा मिंट थांबन तो. पेला."

मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. जड जिभेनं, तुकड्या-तुकड्यांत ते मला म्हणाले, "छावनीत तहान लागे. वरून वतत. असं, हात धरून प्या लागे. भांडं नाई बाटलं पायजे." त्यांनी डावा तळवा वाटीसारखा करून दाखवला, उजवा त्याला मिळत नव्हता. "इथं पेला. हातात द्याचा."

माझ्या हातात त्यांचा पेला होता. तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

मग चंद्रभानजवळ जाऊन मी निरोप सांगितला. साहेब म्हणतात, दोन तास तरी या, जीप उभी आहे, सराव होऊन जाईल. तो माझ्याशी बोलायला वळला आणि रांगेतला एक माणूस हात पुढं करून तसाच राहिला.

खुर्चीवरून आवाज आला, "चंद्रभान. त्याच्याकडं पाह्य."

चंद्रभान वळला. पेला दिला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "साहेबाले सांगा बाबूजी, इथून निंगता येत नाही. सरावाचं काय घेऊन बसले. सराव म्हून कोनी कोनाले पानी देते का?"

तो सहज बोलून गेला होता. मीच ते वाक्य घेऊन जीपपर्यंत चालत आलो. रुपराव म्हणाला, "आला नाही?" मी म्हणालो, "नाही. येऊ नये."

रविवारी पर्सोनेल ऑफिसर स्वतः आले होते, छत्री आणि खुर्ची घेऊन. तरुण इंजिनिअरही आला होता आणि तो बिचारा संकोचून लांब उभा होता. चंद्रभान शेवटच्या क्षणी सायकलवरून आला. पाहुणे आदल्या रात्रीच गेले होते, घर धुऊन काढायचं होतं, त्यात उशीर झाला. पहिल्या चेंडूपाशी त्यानं चप्पल काढली, लांबवर एकदा पाहिलं, आणि मारला. काठी हवेत एकदाही फिरली नाही.

"आता हवा उपाशी राह्यली," रुपराव माझ्या कानाशी म्हणाला. पण त्याचा आवाज हलका झाला होता.

मी बरोबर चालत कार्ड लिहीत होतो. ते अठरा होल कसे सांगावेत मला माहीत नाही. सगळे फटके चांगले होते असं नाही. बाराव्या होलला चेंडू वाकडा जाऊन नाल्याच्या काठच्या तरोट्याच्या झुडपांत घुसला. मागं तो असा चेंडू पाहून जागच्या जागी काठी फिरवत राहायचा. आता तो चालू लागला.

"गेला का गा," रुपराव हळहळला.

"दिला तो झाला," चंद्रभान म्हणाला.

तरोट्यात उभा राहून त्यानं पुढ्यातल्या चेंडूकडं पाहिलं. मी ती नजर ओळखली. हाच एक चेंडू आहे, याच्या आधी कोणी नव्हता आणि नंतरचा अजून आलेला नाही, अशी ती नजर होती. दोन दिवसांपूर्वी तशाच नजरेनं त्यानं मला पाणी दिलं होतं. चेंडू तरोट्यातून उठला आणि ब्राऊनच्या कडेला येऊन थांबला.

शेवटच्या ब्राऊनवर तो पोचला तेव्हा सत्त्याहत्तर फटके झाले होते. दोन फटक्यांत चेंडू होलात गेला तर एकोणऐंशी आणि जागा त्याची. तीन लागले तर ऐंशी, आणि संपलं. चेंडू होलापासून बैलगाडीच्या लांबीएवढा दूर होता. मध्ये त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांच्या पावलांचे खळगे. मैदानावरचा माणूस पोतं घेऊन पुढं आला. चेंडूपुढची वाट सारखी करायची तिथं मुभा असे. चंद्रभाननं पोतं त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः ओढलं, सरळ, एका दमात, वडिलांनी आयुष्यभर ओढलं तसं. ते परत दिलं. काठी घेतली. होलाकडं एकदा पाहिलं.

चेंडू त्या ओल्या चकाकत्या वाटेवरून निघाला आणि आत पडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, इतकं शांत होतं. खानझोडे साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. पर्सोनेल ऑफिसर उठून उभे राहिले. मी कार्डावर अठ्ठ्याहत्तर लिहिलं आणि ते वाचता यावं म्हणून पुन्हा गिरवलं.

अभिनंदनाला सगळे पुढं सरसावले तेव्हा चंद्रभान पुन्हा पोतं मागत होता. त्यानं आपली पावलं पुसली, मगच हात पुढं केला.

जीपनं आम्ही त्याला घरी सोडलं. लहानूजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. प्रेमलतानं दारातूनच चेहरे पाहिले आणि काही न विचारता चुलीकडं वळली. चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं.

"अठ्ठ्याहत्तर, बाबा," चंद्रभान म्हणाला. "जागा राह्यली."

म्हाताऱ्यानं डोळ्यांत आलेलं पाणी डाव्या हातानं पुसलं. मग जड जिभेनं त्यांनी नेहमीचंच विचारलं.

"मांगचा आला तवा..."

"साफ होती, बाबा. दोनदा वढली."

लहानूजींनी मान हलवली. उन्हातून आलो होतो. चंद्रभाननं माठातून पेला भरला आणि वडिलांच्या डाव्या हातात दिला, बोटं मिटेपर्यंत धरून. दुसरा भरून मला दिला. मी काहीतरी बोलणार होतो, इतक्या दिवसांचं साठलेलं. पण तोवर तो तिसरा पेला भरून रुपरावकडं वळला होता.